पातळ का घट्ट?

किसनतात्यांना कुणी ‘राम राम’ घातला तर ते उलट राम राम घालत नाहीत. ते थांबतात, समोरच्याला टोपीपासून चपलेपर्यंत न्याहाळतात आणि विचारतात, “काय, पातळ का घट्ट?”

हा प्रश्न ते कुणालाही विचारतात. मांडवात उभ्या असलेल्या नवरदेवाला विचारतात. मतं मागायला आलेल्या उमेदवाराला, त्याच्यामागं वीस माणसं हात जोडून उभी असताना, विचारतात. मी बेल्ह्याच्या पुढं या वस्तीवर घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीची पंगत बसली होती. जिलेबीचा पहिला तुकडा माझ्या तोंडात होता आणि पंगतीच्या पलीकडच्या टोकावरून या गृहस्थांनी खणखणीत आवाजात माझी चौकशी केली ती हीच. माझी बायको मंगल मठ्ठा वाढत होती. तिच्या हातातलं भांडं हिंदकळलं.

“कोण हो हे?” तिनं शेजारणीला हळूच विचारलं.

“तात्या हायेत. राग नका मानू वैनी. ते गुरांच्या दवाखान्यात व्हते.”

जणू एवढ्यानं सगळा खुलासा झाला! पुढं मला कळलं की खरोखरच झाला होता. तात्यांनी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात जनावरांच्या शेपटीपाशी उभं राहून काढली. डॉक्टर येत, बदलून जात; तात्या तिथंच. डॉक्टर जनावराच्या तोंडाकडं बघायचे, तात्या खाली पडलेल्या शेणाकडं. डॉक्टरांनी गळ्यातली नळी कानाला लावेपर्यंत तात्यांचं निदान झालेलं असायचं. “जंत हायेत,” नाहीतर “ही कालवड सुटून मक्यात शिरू दिली व्हती, खोटं बोलू नका.”

“जनावर बोलत न्हाई, असं लोक म्हंत्यात,” ते मला एकदा म्हणाले. “दिवसातनं दहा येळा बोलतंय की! पर ऐकाया वाकावं लागतं, सर. लोकांना वाकायचा कट्टाळा.”

आता सत्तरी उलटली. अंगानं काटकुळे. खाकी शर्टाची सवय सुटलेली नाही, त्याच्या खिशात नमुन्यासाठी काडेपेटीच्या रिकाम्या डब्या असतात. हातात निरगुडीची काठी. या काठीला दोन टोकं आहेत, एक हातात धरायचं आणि एक कामाचं. हाताच्या टोकाला त्यांनी लाल चिकटपट्टी गुंडाळली आहे. काठी भलत्या टोकानं उचलणाऱ्याला ते आधी शिव्या देतात आणि मग स्वतः त्याचे हात धुऊन देतात. दुसऱ्या खिशात साबणाची वडी असतेच. चहाचा कप पुढं केला की तात्या आधी मोरीकडं जातात. एवढा स्वच्छ माणूस मी पाहिलेला नाही, आणि एवढा घाणीत हात घालणाराही नाही.

बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैल घ्यायचा असला की लोक तात्यांना बरोबर नेतात. बाकीचे दात बघतात, खांदा बघतात, चालवून बघतात. तात्या बैलामागं मांडी घालून बसतात आणि वाट बघतात. घाई नाही. बैल मोकळा होईपर्यंत सौदा पुढं सरकत नाही. व्यापारी त्यांना बघूनच चुळबुळ करायला लागतात. एकदा एका व्यापाऱ्यानं बैलानं टाकल्याबरोबर घमेल्यात शेण भरलं आणि पलीकडं नेऊन फेकलं. तात्या उठले, पायजमा झटकला आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, “चला. हा न्हाई घ्यायचा.”

“अहो, तुम्ही बघितलं कुठं?” व्यापारी चिडला.

“तू बघू दिलं न्हाईस, तेच बगितलं.”

ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये रंगवून सांगत असे. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मुख्याध्यापकसुद्धा हसायचे. पुढं याच गोष्टीनं मला घाम फुटेल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आमच्याकडं भीतीला तोटा नाही. चहूकडं ऊस, आणि उसात बिबट्या. लोक त्याला वाघच म्हणतात. दिवेलागणीला वस्तीवर जो तो आपापली दारं लावून घेतो. मोटारसायकलवर मागं बसणारा माणूस सारखा वळून बघतो. कुत्री एकेक करून कमी होतात आणि त्यांची नावं कुणी पुन्हा काढत नाही. अशा मुलखात तात्या रोज फटफटीत उजाडल्यावर कालव्याच्या चारीच्या बांधानं एकटे निघतात, बिबट्याची विष्ठा शोधतात आणि काठीनं फोडून बघतात. मी एकदा ‘विष्ठा’ म्हणालो तर म्हणाले, “सर, गू म्हना. वाघाला काय राग न्हाई येनार.”

तिथून ते थेट दुधाच्या डेअरीवर. कॅन घेऊन उभी असलेली माणसं गप्प होतात. तात्या हात धुतात, चहाचा घोट घेतात आणि बातमी देतात. “परवाचं जेवान कुत्रं. काळ्या केसाचं. त्याच्या आदी घूस.” लोक सुस्कारा सोडतात. कुत्रं म्हणजे बरं. “शेळीचं केस गावलं” म्हटलं की शेळीवाले गोठ्याकडं पळतात. शेळीच्या पुढची बातमी अजून आलेली नाही. पण ते कप खाली ठेवून बोलायला तोंड उघडतात, तेवढ्या क्षणापुरता डेअरीवर जो तो मनात घरची माणसं मोजतो. मीही मोजत असे.

संडासांची मोहीम तर त्यांनी एकट्यानं चालवली. सरकारी योजनेत वस्तीवर घरटी संडास झाले आणि लोकांनी त्यात कडबा भरला. कुणी कांदा ठेवला. एका घरी कोंबड्या बसवल्या होत्या. तात्या दारोदार फिरले. “अरं, वाघ उसात बसलाय आन् तुमी टमरेल घेऊन त्याच्याकडंच निगालाय! त्यानं काय समजायचं, सांगा की राव!” आठवडाभरात कडबा बाहेर आला.

आता माझं सांगतो. ते सांगितल्याशिवाय तात्या सांगून होत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी संडासात मला रक्त दिसलं. थोडंसंच. मी पाणी ओतलं आणि बाहेर आलो. तिखट जास्त झालं असेल, असं स्वतःला समजावलं. चार दिवसांनी पुन्हा दिसलं. मग दोन आठवडे काही नाही, मग पुन्हा. माझे थोरले मामा आतड्याच्या कॅन्सरनं गेले. त्यांचे शेवटचे महिने मी पाहिलेत. त्यामुळं मला काय वाटायचं ते वाटलंच, आणि तो शब्द मनातल्या मनातसुद्धा उच्चारायची माझी छाती झाली नाही.

मी कुणाला सांगितलं नाही. मंगलला तर नाहीच. मिरची सोडली, इसबगोल सुरू केलं, ‘ॲसिडिटी आहे’ म्हणालो. एक बादली पाणी पुरायचं तिथं मी दोन ओतू लागलो. आठवीच्या वर्गात पचनसंस्था शिकवायला घेतली. जठर काढलं, लहान आतडं काढलं, आणि मोठ्या आतड्यापाशी खडू असलेला हात थांबला. मुलांना म्हणालो, “उरलेलं घरून काढून आणा.” विज्ञान शिकवणारा माणूस मी! मुलांना ‘लक्षणं लपवू नयेत’ असा धडा देणारा! लाज वाटायची, पण भीती लाजेहून मोठी होती.

आणि रोज सकाळी फाटकापाशी तात्या. “काय सर, पातळ का घट्ट?”

“घट्ट, घट्ट,” मी हसून म्हणायचो.

डॉक्टरांपेक्षा मला यांचं भय जास्त. डॉक्टरकडं गेलो नाही तर डॉक्टर काही घरी येत नाही. हे रोज येत. यांना कळलं की लगोलग डेअरीवर बातमी, अशी माझी खात्री होती. ‘सरांचं रगत जातंय’ असं कॅन घेतलेली माणसं एकमेकांना सांगताहेत, हे दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नसे. तो व्यापारी मला आता वारंवार आठवू लागला, घमेलं घेऊन धावणारा.

डिसेंबरात एका सकाळी मी फिरायला चारीच्या बांधावर गेलो. ऊन नुकतंच उसाच्या तुऱ्यांवर आलं होतं. पुढं तात्या उभे. हलत नव्हते. मी जवळ गेलो तसा त्यांनी मागं न बघता हात वर केला.

“सर, हळू या. पळू नका.”

त्यांच्या पायापाशी बांधावर विष्ठा होती, आणि तिच्यातून वाफ निघत होती.

“ताजा हाय,” तात्या कुजबुजले. “पाच मिन्टंबी न्हाई झाली. हितंच बसलाय. आपल्याकडंच बगत आसंल.”

दोन्ही बाजूंना ऊस, पुरुषभर उंच. वारा नव्हता, तरी डावीकडं एक पाचट मोडल्याचा आवाज आला. आणि हा माणूस काठीच्या टोकानं ती विष्ठा फोडत होता.

“कुत्र्याचं केस. हे बगा, कोंबडीचं नख. भ्याला का?”

“भ्यालो,” मी म्हणालो.

“खरं बोलला. आता आनखी एक खरं बोला. रगत कवापासनं पडतंय?”

उसातला वाघ क्षणभर मी विसरलो. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुनी न्हाई. सर, अख्खी वस्ती मला शिव्या घालती. कुनी हसतंय, कुनी दगड उचलतंय. पोट बरं आसल्यालं मानूस माज्या इचारण्यावर चिडतंय. तुमी एकलेच रोज गुमान उत्तर देता. त्ये बी हसून. सा म्हैनं झालं.”

पुन्हा पाचट वाजलं, या वेळी जवळ. तात्यांनी माझा दंड धरला. “मागं मागं चला. पाठ दावू नका. आन् मोठ्यानं बोला, आवाजानं त्यो लांब ऱ्हातो. रंग कसा? काळा का लाल?”

“लाल,” मी पुटपुटलो.

“मोठ्यानं, सर!”

“लाल!” मी ओरडलो.

“येगळं पडतंय का मिसळून?”

“मिसळून!”

“वजान घटलं का?”

“घटलं! पँट सैल होते!”

काठी आपटत, उलट्या पावली, आम्ही दोघं त्या बांधावरून मागं सरकत होतो आणि जे मी बायकोला सांगितलं नव्हतं ते उसाला ओरडून सांगत होतो. किती वेळा, कधी, कळ येते का, झोप लागते का. बैलाची चौकशी करावी तशी त्यांनी माझी चौकशी केली आणि मी एकही उत्तर चुकवलं नाही. डांबरी रस्ता लागला तेव्हा माझा शर्ट घामानं भिजला होता आणि मी रडत होतो. वाघ काही बाहेर आला नाही.

जरा श्वास आल्यावर पहिलं काय विचारलं असेल मी? “तात्या, डेअरीवर…?”

त्यांचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. “न्हाई,” एवढंच म्हणाले. मग साबणाची वडी काढून रस्त्याकडेच्या पाण्याच्या पाइपाखाली हात धुवायला बसले. नेहमीपेक्षा बराच वेळ धुवत होते.

त्या दिवशी त्यांनी मला घरी नेलं आणि दारात उभं राहून मंगलला सांगायला लावलं. मंगल माझ्यावर चिडली, मग पदरात तोंड घालून बसली, मग उठून तिनं कपाटातून विम्याचे कागद काढले. दुसऱ्या सकाळी आम्ही तिघं नारायणगावला निघालो. नमुन्याची डबी तात्यांनी मागून घेतली. दोन पिशव्यांत गुंडाळून, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून, ती एसटीत मांडीवर धरून बसले. फाट्यावर डेअरीवाल्यानं खिडकीतून विचारलं, “तात्या, सरांना घेऊन कुठं?”

“बैल बगाया,” तात्या म्हणाले.

“आज? बाजार सोमवारी आस्तो की!”

“घरचा बैल हाय.”

डॉक्टरांनी तपासलं, नमुना बघितला आणि पुण्याला दुर्बीण घालून बघायला सांगितलं. आदल्या दिवशी पोट साफ करायची पावडर प्यायची असते. तात्यांना तो दिवस सणासारखा गेला. दर तासाला फोन. “आता कसं? पिवळं झालं का? पान्यावानी? मंग आजून एक गिलास घ्या.” मंगल इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

पुण्याच्या दवाखान्यात मला आत घ्यायला उशीर होता. मंगल कागदपत्रांच्या रांगेत होती. मी आणि तात्या बाकावर. तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“हौसा गेली त्याला नऊ वर्सं झाली,” ते म्हणाले. हौसा म्हणजे त्यांची बायको. ती कशानं गेली हे मी कधी विचारलं नव्हतं. “याच दुखन्यानं. दीड वरीस तिला रगत जात व्हतं. मला म्हाईतच न्हाई. आख्ख्या तालुक्याच्या गुरांचं मी सांगत व्हतो, आन् माज्या घरात…”

“लाजल्या असतील,” मी म्हणालो.

“लाज न्हाई, सर. शेवटाला मी इचारलं, का गं बोलली न्हाईस. तर म्हनली, तुमी डेअरीवर बोलला असता.”

समोरच्या भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्यांचं चित्र होतं. तात्या ते वाचत असल्यासारखे बघत होते.

“तवा मी समद्यांचंच बोलायचो. कुनाचं पोट बिघडलं, कुनाला जुलाब. लोक हसायचे. मला वाटायचं, आपली लई किंमत हाय. त्या दिसापासनं मी इचारतो समद्यांना, पर मानसाचं डेअरीवर सांगत न्हाई. वाघाचं सांगतो.”

खरंच होतं ते. इतकी वर्षं मी डेअरीवर उभा राहिलो, पण तात्यांच्या तोंडून एका माणसाची बातमी कधी ऐकली नव्हती. ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांच्या पोटात काही राहत नाही असं समजून मी सहा महिने जिवावर उदार झालो होतो. मी त्यांचा हात धरला आणि नर्सनं नाव पुकारेपर्यंत सोडला नाही.

आतड्यात कोंबासारखी गाठ निघाली. दुर्बिणीतूनच काढली आणि तपासायला पाठवली. अहवाल यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. उसातला वाघ त्यापुढं मांजर. नवव्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. गाठ साधी होती. आणखी काही वर्षं तशीच राहिली असती तर ती साधी राहिली नसती, असंही ते म्हणाले. फोन ठेवून मी आणि मंगल ओट्यावर नुसते बसून राहिलो.

दुसऱ्या सकाळी शाळेला निघालो. फाटकापाशी तात्या. खिशात काडेपेट्या, हातात काठी.

“काय सर, पातळ का घट्ट?”

“कालपर्यंत पातळ. आज जरा बांधून आलंय. रक्त नाही,” मी सांगितलं.

त्यांनी मान डोलवली. वळून चालायला लागले.

“तात्या,” मी हाक मारली, “आणि तुमचं?”

ते थांबले. मग आले, काठी फाटकाला टेकवली, कामाचं टोक खाली ठेवून. ओट्यावर बसले आणि टोपी काढली.

“मला कुनी इचारीत न्हाई,” म्हणाले. “हौसा इचारायची. रोज, च्याच्या टायमाला.”

मग ते सांगू लागले. आधी आजचं, मग कालचं, मग दिवाळीतल्या करंज्यांनी काय झालं ते, मग मागल्या पावसाळ्यातलं, मग असं करत मागं मागं. मंगलनं चहा आणून ठेवला, तो निवला. शाळेचा पहिला तास बुडाला. मी मुख्याध्यापकांना फोन करून कळवलं की उशीर होईल, आणि पुन्हा त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. ते अजून दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यापर्यंतच पोचले होते.